नाताळला परदेशातून वसईला घरी येताय? तिकिटापासून परतीच्या बॅगेपर्यंत सगळं क्रमाने

आखातात, युरोपात, कॅनडात, बोटीवर, जिथे कुठे असाल तिथून पहिल्यांदाच नाताळला घरी यायचं ठरवताय तर हे तुमच्यासाठी. मी बरीच वर्षं बाहेर काढलीत आणि दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की नवीन गेलेल्या पोरांचे तेच प्रश्न येतात: तिकीट कधी काढू, सोनं किती चालतं, बाळाचा बाप्तिस्मा ठेवायचाय तर काय लागतं. म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. वसई डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय पण कागदपत्रं आणि कस्टमचा भाग गोव्याच्या, सिंधुदुर्गाच्या, कुठल्याही माणसाला तसाच लागू पडेल.

१. आधी तारीख ठरवा, आणि ती २४ डिसेंबर नको

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे म्हणून पहिलं. बरेच जण रजा वाचवायला २३-२४ ला उतरतात, अर्धवट झोपेत मिस्सेला जातात, २५ ला जेवतात आणि २८ ला परत बॅग भरायला घेतात. असा नाताळ हाताला लागत नाही हो. आपल्याकडचा नाताळ हा तयारीचा सण आहे, कलकल (नाताळचा तळलेला गोड फराळ) वळायला सगळी बायका-मुलं एका घरात जमतात ते, आळीतली पोरं गव्हाण बांधायला बांबू-पेंढा-माती गोळा करत फिरतात ते, रात्री कॅरल म्हणत दारोदार येतात ते, घरावर तारा चढवायला शिडी कोणाकडे आहे ते शोधणं. २५ तारीख म्हणजे या सगळ्याचा शेवटचा दिवस.

म्हणून जमलं तर १६ डिसेंबरच्या आसपास पोचा, तेव्हापासून नाताळची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होते. तेवढी रजा नाहीये? मग निदान नाताळच्या आधीचा रविवार घरी मिळेल असं बघा, आणि रजा कापायचीच असेल तर नाताळनंतरची कापा, आधीची नको. उलट ज्यांच्या घरात किंवा जवळच्या नात्यात लग्न आहे त्यांनी हिशेब वेगळा करा. आगमन काळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, शक्यतो लग्नं लावत नाहीत, त्यामुळे २६ डिसेंबरपासून जानेवारीभर लग्नांची रांग लागते, आणि तुम्ही ३० ला परत गेलात की ४ तारखेच्या लग्नाला तुम्ही का नाही हे वर्षभर ऐकावं लागतं. रजा लांबली तर ६ जानेवारी, तीन राजांचा सण, करून निघा. तोपर्यंत परतीची गर्दीही थोडी ओसरते.

२. रजा मिळाली म्हणजे निघता येतं असं नाही

तिकिटाच्या आधी परत जायचे कागद तपासा. येणं सोपं असतं, अडकतात ते परत जाताना.

सौदीवाल्यांनो, एक्झिट री-एन्ट्री व्हिसा निघालाय का आणि त्याची मुदत तुमच्या परतीच्या तारखेच्या पुढे आहे का, दोन्ही बघा, नुसतं "एचआरने केलंय" यावर विसंबू नका, स्वतः अब्शर या सौदी सरकारच्या ॲपवर उघडून बघा. कुवेतमध्ये खासगी कंपनीत असाल तर १ जुलै २०२५ पासून देशाबाहेर निघायला मालकाकडून एक्झिट परमिट लागतं, ते निघायच्या आदल्या दिवशी मागायची गोष्ट नाही. आखातात नाताळची सुट्टी नसते, ऑफिसं चालू असतात, म्हणून रजेचा अर्ज सप्टेंबरमध्येच टाका कारण डिसेंबर मागणारे फक्त तुम्ही नसता.

कॅनडात पीआर (कायम राहायचा परवाना) असेल तर पीआर कार्ड चालू पाहिजे, विमानात चढायला तेच मागतात. स्टडी किंवा वर्क परमिटवर असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या, परमिट म्हणजे व्हिसा नाही, परमिट २ वर्षं शिल्लक असलं तरी पासपोर्टातला व्हिसा संपला असेल तर परत शिरता येत नाही. यूकेमध्ये राहण्याच्या परवान्याची जुनी बीआरपी कार्डं गेली, आता ई-व्हिसा, तर नवीन पासपोर्ट घेतला असेल तर तो तुमच्या यूकेव्हीआय (तिथलं व्हिसा खातं) अकाउंटला जोडलाय ना ते बघा. अमेरिकेत एच-१बीवाल्यांना स्टॅम्पिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेणं) करायचं असेल तर अपॉइंटमेंट हातात नसताना फक्त नाताळाच्या ओढीने निघू नका, दोन आठवड्यांची रजा कितीही महिन्यांची होऊ शकते. युरोपात रेसिडेन्स परमिट रिन्यूला दिलेलं असेल तर मधल्या काळात मिळालेल्या कागदावर परत येता येतं का हे तिथल्या ऑफिसला विचारून घ्या, सगळ्या कागदांवर येता येत नाही.

३. तिकीट

थोडक्यात सांगतो. मुलांच्या शाळा सुटल्या की भाडं चढतं, डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात घरी येणं आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत जाणं सगळ्यात महाग. सप्टेंबरपर्यंत काढून टाका. बदलता येणारं तिकीट थोडं जास्त पैसे देऊन घ्या, कारण रजा पुढेमागे होतेच.

एक नवीन भानगड आहे ती लक्षात ठेवा. आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, दिल्ली-बंगलोर-कोचीवरून कनेक्शन घेताना स्वस्त दिसलं म्हणून बुक करताना शेवटचा विमानतळ कुठला आहे ते वाचा, तिथून वसई म्हणजे अख्खी मुंबई-ठाणे पार करून येणं. गोव्याला जाणाऱ्यांनी तसंच मोपा की दाबोळी ते बघा, एक उत्तरेला एक दक्षिणेकडे, घरच्यांनी चुकीच्या विमानतळावर गाडी पाठवली असं होतं. मुंबईवरून पुढे कोकण रेल्वेने जाणार असाल तर रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी घरातल्या कोणाला तरी बसवा.

४. काय काय कागद बरोबर पाहिजेत

एका फोल्डरमध्ये ठेवा आणि सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये आणि घरच्या एका माणसाकडेसुद्धा:

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर निदान ६ महिने चालू
- राहत्या देशाचा व्हिसा, रेसिडेन्स किंवा पीआर कार्ड
- परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळतं ते)
- मुलांचे जन्मदाखले
- औषधांची चिठ्ठी, डॉक्टरच्या सहीची
- तिथल्या पॅरिशचं, म्हणजे तुमच्या हद्दीतल्या चर्चचं, पत्र (बाप्तिस्मा किंवा लग्न असेल तर, खाली लिहिलंय)
- आधार, पॅन, बँकेचं पासबुक, घरी असेल तर कुठल्या कपाटात आहे ते आधीच विचारून ठेवा

मुलांचा पासपोर्ट आधी बघा. मोठ्यांचा १० वर्षांचा असतो आणि लहान मुलांचा ५ वर्षांचा, आईबाप स्वतःचा बघून निश्चिंत होतात आणि पोराचा संपलेला असतो. परदेशी पासपोर्टवाल्या मुलांचं ओसीआय असेल तर २० वर्षांच्या आतल्यांना दर नवीन पासपोर्टनंतर तो पासपोर्ट आणि नवा फोटो ओसीआयच्या साइटवर अपलोड करावा लागतो, फुकट आहे, पण राहून जातं. आखातात बाळ झालं असेल आणि भारतीय पासपोर्ट हवा असेल तर जन्माची नोंद वकिलातीत एका वर्षाच्या आत करून टाका, उशीर झाला की जास्तीचे सोपस्कार. जोडीदार परदेशी असेल आणि ओसीआय नसेल तर ई-व्हिसा काढा, फक्त सरकारी साइटवरून, हुबेहूब दिसणाऱ्या आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणाऱ्या साइट भरपूर आहेत. आफ्रिकेतल्या यलो फिव्हर असलेल्या देशांतून येणाऱ्यांनी त्याच्या लसीचं सर्टिफिकेट विसरू नका, नसेल तर क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात आणि मग नाताळ तिथेच.

अजून एक, फास्ट ट्रॅक इमिग्रेशन म्हणून सरकारची योजना आहे, भारतीय पासपोर्ट आणि ओसीआयवाल्यांसाठी, फी नाही, मुंबईला २०२५ पासून चालू आहे. ऑनलाइन अर्ज करून एकदा बोटांचे ठसे दिले की पुढे ई-गेटमधून जाता येतं. पहाटे तीन-चार विमानं एकदम उतरतात तेव्हा याचा खूप फायदा होतो. या खेपेला अर्ज केलात तर पुढच्या नाताळला नक्की कामी येईल.

५. काय आणायचं आणि काय अजिबात नाही

ड्युटी फ्री सामानाची मर्यादा २०१६ च्या नियमांत माणशी ५० हजार रुपये ठरली होती, पण हे आकडे सरकार बदलतं, म्हणून निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या साइटवर ताजा आकडा बघून घ्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे ही मर्यादा माणशी आहे, नवरा-बायकोची एकत्र करून एक महाग वस्तू बसवता येत नाही. दुसरं म्हणजे १८ वर्षांवरच्या माणसाला एक लॅपटॉप याच्या वेगळा चालतो. दारू २ लिटर, म्हणजे पंच-वाईनचा प्लॅन त्यात बसवा.

सोनं. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्यांना पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅमपर्यंतचे दागिने आणता येतात, किमतीची अट आहे का तेही त्याच साइटवर बघा. दागिने म्हणजे दागिने, बिस्किट किंवा नाणं यात धरत नाहीत. आणि बहिणीच्या लग्नात घालायला तुमचं स्वतःचं जुनं सोनं भारतातून तिकडे नेलेलं असेल आणि परत आणणार असाल तर जाताना मुंबई कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेऊन ठेवायचं असतं, नाहीतर ते तुमचंच आहे हे कसं सिद्ध करणार? यंदा नसेल घेतलं तर परत जाताना तरी घ्या, त्यासाठी विमानतळावर थोडं लवकर जा.

रोख परदेशी नोटा ५ हजार डॉलरच्या वर असतील तर जाहीर कराव्या लागतात.

आता नको त्या गोष्टी. व्हेप, ई-सिगारेट, भारतात २०१९ पासून बंदी आहे, यूकेतून येणारी तरुण मुलं खिशात घेऊन उतरतात. ड्रोन नको. सॅटेलाइट फोन नको, बोटीवरच्या लोकांनी खास लक्ष द्या. हॅम, सॉसेज वगैरे मांसाचे पदार्थ परवान्याशिवाय चालत नाहीत. आणि आपल्या वसईच्या लोकांसाठी खास: बाबांच्या वाडीत लावायला म्हणून फुलांचे कंद, बियाणं, रोपं आणायचा मोह होतो, हॉलंडवाल्यांना तर फारच, पण त्याला परमिट आणि तिकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. तो नसेल तर जप्त होतं, आणि ते बरोबरच आहे, बाहेरची एखादी कीड केळीवर आली तर सगळी आळी भोगेल.

मग आणायचं काय? माझं स्पष्ट मत आहे, कमी आणा. चॉकलेटं, खजूर, सुकामेवा, आई-बाबांना रोज वापरता येईल अशी एक चांगली वस्तू. केकसाठी मनुका-बेदाणे आणणार असाल तर हे लक्षात घ्या की ते नोव्हेंबरमध्येच रममध्ये भिजत पडायला हवेत, म्हणजे एखाद्या आधी येणाऱ्याबरोबर पाठवा.

६. विमानतळावरून वसई

आखातातली बरीच विमानं पहाटे उतरतात, हे वसईकरांच्या पथ्यावर आहे कारण त्या वेळी हायवे मोकळा असतो. दिवसा किंवा संध्याकाळी उतरलात तर वर्सोवा पुलाच्या आणि घोडबंदरच्या जंक्शनला वेळ जाणार हे धरून चाला, नवा पूल झाल्यापासून फरक पडलाय पण सुट्टीच्या संध्याकाळी गर्दी ती गर्दीच.

एकटे आणि एकच बॅग असेल तर टर्मिनल २ वरून मेट्रो ३ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो १ ने अंधेरी आणि मग विरार लोकल, स्वस्त आणि मस्त, फक्त संध्याकाळी ५ ते ९ मध्ये मोठ्या बॅगा घेऊन विरार लोकलचा नाद करू नका. कुटुंब असेल तर गाडीच करा. आणि मीरा-भाईंदरला कोणाकडे आधी थांबणार असाल तर भाईंदर-वसई रो-रो बोट आहे, २०२४ पासून, गाडीसकट किल्ल्याजवळ उतरता येतं, मुलांना खूप आवडतं.

घरच्यांना एक विनंती करा, सगळ्यांनी विमानतळावर येऊ नका. दोन गाड्या भरून माणसं आली की परत जाताना बॅगा कुठे ठेवायच्या?

७. सिम आणि पैसे

जुनं भारतीय सिम ९० दिवस वापरलं नाही आणि त्यात २० रुपयेही बॅलन्स नाही तर नंबर बंद होतो, आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर. म्हणून वर्षभर घरच्यांकडून छोटा रिचार्ज मारत राहा.

यूपीआयशिवाय आता मासळीबाजारातसुद्धा अडतं. एनआरई किंवा एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं) खातं असेल तर यूएई, सौदी, कतार, ओमान, यूके, अमेरिका, कॅनडा, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग इथल्या नंबरवर यूपीआय चालू करता येतं, तुमची बँक देते का ते विचारा आणि निघायच्या आधी चालू करून एकदा १ रुपया पाठवून बघा. आणि जुनं साधं सेव्हिंग खातं अजून तसंच असेल तर ते एनआरओ करून घेणं नियमाने गरजेचं आहे, या खेपेत करून टाका. बँकेची, आधारची कामं २२ तारखेच्या आत उरका, नंतर कोणाचं मन त्यात नसतं.

८. चर्चची कामं

बाहेरून आलेले सगळे याच दिवसांत बाप्तिस्मा आणि लग्न ठेवतात, त्यामुळे पॅरिश ऑफिसला ऑक्टोबरमध्येच फोन करा. फादरांच्या मागे नाताळच्या आठवड्यात किती धावपळ असते ती बघा आणि मगच "उद्याचं जमेल का" विचारा.

बाप्तिस्म्यासाठी बाळाचा जन्मदाखला, आईबापाच्या लग्नाचा चर्चचा दाखला, आणि तुम्ही जिथे राहता तिथल्या पॅरिशचं ना-हरकत पत्र. हे पत्र लोकांकडून राहतं. गॉडपेरेंट्सचं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं पाहिजे, त्यांचा दाखला मागू शकतात. लग्न असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला ६ महिन्यांच्या आतला ताजा काढलेला, लहानपणीचा लॅमिनेट केलेला चालत नाही. शिवाय तुम्ही अविवाहित असल्याचं तिथल्या पॅरिशचं पत्र, विवाहपूर्व शिबिराचं सर्टिफिकेट, आणि चर्चमध्ये विवाहाच्या घोषणा व्हायला लागणारा वेळ. म्हणजे लग्नाचं काम हे तिकिटाच्याही आधी सुरू होतं.

नाताळच्या रात्रीची मिस्सा किती वाजता हे गेल्या वेळच्या आठवणीवर धरू नका. रात्री १० नंतर लाऊडस्पीकरवर बंधनं असतात, त्यामुळे पापडीच्या चर्चची वेळ वेगळी, नंदाखालची वेगळी, माणिकपूरची वेगळी असू शकते. मिस्सा मराठीत असते, जोडीदाराला किंवा बाहेर वाढलेल्या मुलांना मराठी कळत नसेल तर आदल्या दिवशी शुभवर्तमानाचा उतारा घरी वाचून समजावून द्या, मुलं मग कंटाळत नाहीत. कन्फेशन (पापकबुली) शेवटच्या दिवसावर ठेवू नका, रांग रस्त्यापर्यंत येते.

९. घरी पोचल्यावर पहिले दोन दिवस

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. येण्याआधी आईला किंवा बहिणीला फोन करून एक यादी करा: तुम्ही नव्हतात त्या काळात आळीत, नात्यात कोण कोण गेलं. व्हॉट्सॲपवर "आत्म्यास शांती" टाकलेलं असतं, पण त्या घरी तुम्ही अजून गेलेला नसता. ती घरं पहिली. पार्टीचे कपडे, परफ्युम, मोठ्ठी गिफ्ट बॅग नको, साधे जा, बसा, शेवटचे दिवस कसे गेले ते विचारा आणि ऐका. त्या घरात यंदा गोडधोड केलेलं नसतं, शेजारपाजारचे ताट नेऊन देतात, तर तुमच्या घरचं ताट तुम्ही स्वतः घेऊन जा. सिमेट्रीत जाऊन मेणबत्ती लावायचीय तर नाताळच्या आधीच जाऊन या.

मग म्हातारी माणसं. त्यांना तुमचे फोटो नको असतात, तुम्ही तासभर ओट्यावर बसलेले हवे असता. त्यांचे गुडघे, डोळे, औषधं याची चौकशी करा, डॉक्टरकडे न्यायचं असेल तर २३ च्या आत न्या.

घरात कामाला हात लावा. बाहेरून आलाय म्हणून तुम्हाला खुर्ची देतील, घेऊ नका. करंज्यांचं सारण, कलकल तळणं, फुग्यांचं (तळलेल्या गोल पावांचं) पीठ, ज्यात जमेल त्यात बसा, पुरुषांनीसुद्धा. हाताने केलेली गव्हाण असेल तर बाहेरून आणलेले महागडे दिवे त्यावर लादू नका, पोरांनी जे ठरवलंय ते करू द्या, तुम्ही माती कालवा. बाहेर वाढलेली मुलं पहिल्या दिवशी लांब उभी राहतात, तिसऱ्या दिवशी जेवायला बोलावूनही येत नाहीत इतकी रमतात, त्यांना दोन दिवस द्या. पाणी फक्त उकळलेलं, डासांचं मलम लावलेलं, एवढं बघा. पहाटे वसईत गारवा असतो म्हणून एक एक स्वेटर असू दे.

पगाराच्या गप्पा टाळा. आळीत कोणीतरी विचारणारच, "चाललंय बरं" म्हणा आणि विषय वाडीकडे न्या.

१०. परतीची बॅग

आई भरून देते ते सगळं नेता येत नाही, आणि इथे खरोखर धोका आहे. खसखस यूएई आणि सौदीत बंद आहे, अमली पदार्थात धरतात, लोक तुरुंगात गेलेत. आपल्या बॉटल मसाल्यात (बाटल्यांत भरून ठेवतो तो घरचा मसाला) खसखस असते! म्हणून आखातात जाणाऱ्यांसाठी मसाला कुटतानाच खसखस न घालता वेगळा करून घ्या, उन्हाळ्यात मसाले होतात तेव्हाच आईला सांगून ठेवा. घरात खसखशीचा आणि बिनखसखशीचा मसाला एकाच बरणीत नको, बरणीवर लिहून ठेवा. आणि दुसऱ्याने "हे एवढं माझ्या भावाला दे" म्हणून दिलेलं पार्सल तुमच्यासमोर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका, कितीही जवळचा असो.

कोडीन, ट्रामाडॉल असलेली औषधं आखातात नेऊ नका. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी बघा.

युरोप-यूकेला मटण, इंदेल (मांसाचा आंबट-तिखट प्रकार), तूप, पेढे, काही नाही, मांस आणि दुधाचे पदार्थ घेत नाहीत. युरोपात सुकी मासळी वजनाच्या मर्यादेत चालते, म्हणजे बोंबील-जवळा न्या पण तीन पिशव्यांत सील करून, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास. सुकेळी (सुकवलेली केळी) मिळाली तर जरूर न्या, आगाशी-बोळिंजकडे ओळखीच्या घरी आधी सांगून ठेवावी लागते, बाजारात चांगली लगेच संपते. सुकं खोबरं विमानात नेत नाहीत, पेट घेणाऱ्या वस्तूंत येतं, त्यामुळे बॅग उघडायला लावतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मसाला आणि लोणचं चेक-इनमध्ये, आणि घरच्या काट्यावर बॅग आदल्या रात्रीच जोखून घ्या, दोन किलो जागा रिकामी ठेवून, कारण निघताना दारात शेजारची काकी डबा घेऊन उभी असतेच.